लहान प्राण्यांवरील संशोधनातील संयुक्त प्रतिमांकन तंत्रे : एक चिकित्सक अभ्यास

सारांश

जिवंत उंदराच्या शरीराची रचना आणि त्यातील चयापचय एकाच वेळी पाहता यावे, या हेतूने पेट-सीटी, स्पेक्ट-सीटी व पेट-एमआरआय यांसारखी संयुक्त प्रतिमांकन तंत्रे गेल्या पाव शतकात प्रयोगशाळांत रूढ झाली. या तंत्रांमुळे प्राण्यांची संख्या घटते, मोजमाप अचूक होते आणि निष्कर्ष मानवी उपचारांपर्यंत लवकर पोहोचतात, असे दावे वारंवार केले जातात. प्रस्तुत लेखात या दाव्यांची भौतिकी, प्राण्याची शरीरक्रिया आणि प्रयोगनीती या तीन कसोट्यांवर तपासणी केली आहे. जोडणीचे मूल्य यंत्रावर अवलंबून नसून विचारलेल्या प्रश्नावर अवलंबून असते, तसेच मापनातील मोठ्या चुका बहुधा प्राणी यंत्रात जाण्यापूर्वीच घडतात, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : प्रतिमांकन, पेट-सीटी, पेट-एमआरआय, लहान प्राणी, विभेदनक्षमता, किरणमात्रा, प्रयोगनीती.

प्रस्तावना

विल्हेल्म रंटजेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला आणि जिवंत शरीराच्या आत शस्त्र न चालवता डोकावण्याची वाट खुली झाली. पुढे १९७१ मध्ये लंडन येथील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात सीटी यंत्राने पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. या तंत्रासाठी गॉडफ्रे हौन्सफील्ड व ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये चुंबकीय अनुस्पंदनातून प्रतिमा मिळवण्याची पद्धत मांडली आणि २००३ मध्ये पीटर मॅन्सफील्ड यांच्यासह ते नोबेलचे मानकरी ठरले. पॉझिट्रॉन उत्सर्जन चित्रण, म्हणजेच 'पेट', हे तंत्रही १९७० च्या दशकातच आकारास आले.

यातील प्रत्येक तंत्राचे बळ वेगळे आणि उणीवही वेगळी आहे. सीटी हाडांची रचना स्पष्ट दाखवते. मात्र मृदू ऊतींमधील भेद तिला फारसा कळत नाही. एमआरआय मृदू ऊती उत्तम दाखवते. पण द्रव्याची अत्यल्प मात्रा ओळखण्यात ती मागे पडते. पेट अतिशय विरल द्रव्याचाही माग काढते. मात्र तिने दाखवलेला तेजस्वी ठिपका नेमका कोणत्या अवयवात आहे हे पुष्कळदा समजत नाही. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढावी हा विचार त्यामुळे स्वाभाविकच होता. तो स्वाभाविक असल्यामुळेच त्याची चिकित्सा मात्र कमी झाली. दोन प्रतिमा एकमेकींवर ठेवल्या की ज्ञान दुप्पट होते, ही समजूत तपासून घेणे आवश्यक आहे.

या प्रश्नाला केवळ तांत्रिक महत्त्व नाही. प्रयोगातील प्रत्येक प्रतिमेमागे भूल दिलेला, सुई टोचलेला आणि बहुधा अखेरीस मारला जाणारा एक प्राणी असतो. त्या प्रतिमेवरून काढलेल्या निष्कर्षाच्या आधारे पुढे एखादे औषध मानवी चाचणीस जाते. प्रतिमेने दिशाभूल केली, तर प्राण्याचा जीवही वाया जातो आणि रुग्णाची आशाही.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. संयुक्त प्रतिमांकनाची संकल्पना व तिचा विकास थोडक्यात स्पष्ट करणे.
२. मानवी तपासणीतील युक्तिवाद लहान प्राण्यांना कितपत लागू पडतात, हे पाहणे.
३. प्राण्याची भूल, तापमान व आहार यांचा मापनावरील परिणाम विचारात घेणे.
४. प्राण्यांची संख्या घटते या नैतिक दाव्याची तपासणी करणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. प्रसिद्ध झालेले संशोधन व भौतिकशास्त्रातील सर्वमान्य राशी यांच्या आधारे विवेचन केले असून आवश्यक तेथे साधे गणित मांडले आहे. मराठीत 'उंदीर' या एकाच शब्दाने ओळखले जाणारे माऊस व रॅट हे प्रयोगशाळेतील दोन भिन्न प्राणी आहेत. या लेखात माऊससाठी 'उंदीर' आणि मोठ्या जातीसाठी 'रॅट' असे शब्द वापरले आहेत.

संकल्पना व विकास

पेट तंत्रात प्राण्याच्या शरीरात पॉझिट्रॉन बाहेर टाकणारे किरणोत्सारी द्रव्य सोडले जाते. फ्लोरिन-१८ जोडलेले ग्लुकोजसदृश संयुग, म्हणजे एफडीजी, हे त्यातील सर्वाधिक प्रचलित द्रव्य होय. बाहेर पडलेला पॉझिट्रॉन थोडे अंतर जाऊन इलेक्ट्रॉनला भेटतो, दोन्ही नष्ट होतात आणि ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे दोन फोटॉन जवळजवळ विरुद्ध दिशांना निघतात. सभोवतालच्या कड्यातील स्फटिक हे दोन फोटॉन एकाच क्षणी टिपतात आणि अशा असंख्य जोड्यांवरून प्रतिमा रचली जाते.

मानवी पेट-सीटीचा पहिला नमुना डेव्हिड टाउनसेंड, रॉन नट व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला आणि १९९८ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठात तो वापरात आला. टाइम साप्ताहिकाने २००० मध्ये वैद्यकीय क्षेत्रातील त्या वर्षाचा महत्त्वाचा शोध म्हणून त्याची निवड केली. त्याच दशकात लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात सायमन चेरी व सहकाऱ्यांनी केवळ लहान प्राण्यांसाठी 'मायक्रोपेट' हे यंत्र विकसित केले. त्याची विभेदनक्षमता सुमारे २ मिलिमीटर होती. पुढे प्राण्यांच्या पेटला सीटीची जोड मिळाली आणि औषधसंशोधनात अशी यंत्रे सर्वत्र दिसू लागली.

पेट-एमआरआयचा प्रवास उलट दिशेने झाला. येथे मानवाआधी लहान प्राणी आला. प्रकाशगुणक नलिका चुंबकीय क्षेत्रात काम करीत नाहीत, ही त्यातील मोठी अडचण होती. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात स्फटिकांतील प्रकाश काही मीटर लांबीच्या प्रकाशतंतूंनी चुंबकाबाहेर नेऊन ती सोडवण्यात आली. मात्र तंतूंमधून जाताना बराच प्रकाश वाया जातो. पुढे चुंबकीय क्षेत्रातही टिकणारे हिमपात प्रकाशडायोड उपलब्ध झाले. त्यांच्या साहाय्याने २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील चेरी यांच्या गटाने आणि जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील बर्न्ड पिचलर यांच्या गटाने उंदरांच्या एककालिक पेट-एमआरआय प्रतिमा प्रसिद्ध केल्या.

एका जोडणीचा युक्तिवाद मानवाकडून उंदराकडे आला आणि दुसरीचा उंदराकडून मानवाकडे गेला. हा फरक पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरतो.

परिमाणाचा प्रश्न

मानवाचे वजन ७० किलोग्रॅम व उंदराचे २५ ग्रॅम धरल्यास दोहोंचे गुणोत्तर २८०० येते. त्याचे घनमूळ सुमारे १४ आहे. मानवी पेटमध्ये ५ मिलिमीटरपर्यंतचा तपशील दिसत असेल, तर उंदराच्या शरीरात तेवढाच सापेक्ष तपशील दिसण्यासाठी सुमारे ०.३६ मिलिमीटर विभेदनक्षमता हवी. परंतु फ्लोरिन-१८ मधून निघालेला पॉझिट्रॉन नष्ट होण्यापूर्वी पाण्यात सरासरी ०.६ मिलिमीटर अंतर जातो. म्हणजे यंत्र कितीही परिपूर्ण केले तरी निसर्गानेच घातलेली मर्यादा गरजेच्या अलीकडे उभी राहते. लहान कड्याचा एक लाभ अवश्य आहे. दोन फोटॉन अगदी सरळ रेषेत नसल्याने येणारी अस्पष्टता कड्याच्या व्यासाच्या प्रमाणात वाढते. ८० सेंटिमीटर व्यासाच्या मानवी यंत्रात ती सुमारे १.८ मिलिमीटर असते, तर १५ सेंटिमीटरच्या प्राणियंत्रात सुमारे ०.३ मिलिमीटरवर येते.

दुसरी अडचण गणनांची आहे. प्रतिमेतील घटक २८०० पट लहान केला की त्यातून येणाऱ्या फोटॉनांची संख्याही त्याच प्रमाणात घटते. ती भरून काढण्यासाठी, यंत्राची संवेदनशीलता सारखीच राहिल्यास, मानवाला दिली जाते तेवढीच सगळी मात्रा, म्हणजे ३०० ते ४०० मेगाबेक्वेरेल, एकट्या उंदराला द्यावी लागेल. प्रत्यक्षात साधारणतः ५ ते १० मेगाबेक्वेरेल दिली जाते, कारण त्याहून फार अधिक किरणमात्रा त्या लहान जिवाला धोक्याची ठरते.

सीटीची स्थिती वेगळी आहे. लहान प्राण्यांची सीटी ०.१ मिलिमीटर वा त्याहून सूक्ष्म तपशील देऊ शकते. त्यामुळे संयुक्त प्रतिमेत एक अंग अतिशय रेखीव आणि दुसरे त्याच्या दहापट ढोबळ असते. संगणक ढोबळ प्रतिमेचे मूल्य रेखीव जाळीवर पसरवतो, कडा गुळगुळीत करतो आणि करड्या सांगाड्यावर केशरी रंगाचा नितळ डाग उमटतो. पाहणाऱ्यास वाटते की चयापचयही तितक्याच सूक्ष्मतेने मोजला गेला आहे. 'दिसते तसे नसते' ही म्हण येथे शब्दशः लागू पडते. रंगपट्टीची खालची मर्यादा थोडी वर घेतली की डाग आक्रसतो, खाली आणली की पसरतो. अनेक लेखांत ही मर्यादा सांगितलेलीच नसते.

याचा परिणाम मापनावरही होतो. विभेदनक्षमतेच्या दोन-तीन पटींहून लहान वस्तूची तीव्रता प्रत्यक्षाहून कमी मोजली जाते. दोन मिलिमीटरचे अर्बुद उपचारानंतर एक मिलिमीटरचे झाले आणि त्यातील चयापचय तसाच राहिला, तरीही पेटमध्ये चयापचय घटल्यासारखा दिसेल. औषधाने आकार घटवला की क्रिया, हे केवळ पेटवरून सांगता येणार नाही. येथे मात्र जोडणीचा खरा उपयोग आहे. सीटी वा एमआरआयने आकार स्वतंत्रपणे मोजला, तर पेटच्या मूल्यात योग्य ती दुरुस्ती करता येते. संयुक्त प्रतिमेचे हे काम सुंदर चित्रापेक्षा अधिक मोलाचे आहे. पण चित्राच्या तुलनेत त्याची चर्चा कमी होते.

पेट-सीटी : उसना युक्तिवाद

मानवी पेट-सीटीच्या बाजूने दोन मुख्य कारणे दिली जातात. पहिले कारण क्षीणनाची दुरुस्ती. ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या फोटॉनासाठी पाण्याचा क्षीणन गुणांक प्रतिसेंटिमीटर सुमारे ०.०९६ आहे. ३५ सेंटिमीटर जाडीच्या मानवी शरीरातून फोटॉनांच्या जोड्यांपैकी केवळ ३ ते ४ टक्के अबाधित बाहेर येतात. साहजिकच सीटीवरून दुरुस्ती न केल्यास मापन निरुपयोगी ठरते. उंदराच्या ३ सेंटिमीटर जाडीतून मात्र सुमारे ७५ टक्के जोड्या बाहेर येतात. ५ सेंटिमीटरच्या रॅटमध्ये हे प्रमाण सुमारे ६२ टक्के असते. म्हणजे मानवात जी दुरुस्ती अपरिहार्य असते, ती उंदरात इष्ट असली तरी मर्यादित महत्त्वाची आहे. शरीराच्या बाह्यरेषेवरूनही ती बऱ्याच अंशी साधता येते.

दुसरे कारण जुळवणीचे. मानवी रुग्ण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेला की त्याची स्थिती बदलते, म्हणून एकाच पलंगावर दोन्ही तपासण्या हव्यात. भूल दिलेल्या उंदराला मात्र छोट्या साच्यात बसवून तो साचाच एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात नेता येतो. साच्यावर दोन्ही प्रतिमांत दिसणाऱ्या खुणा ठेवल्या की जुळवणी बऱ्याच प्रश्नांसाठी पुरेशी होते. त्यामुळे मानवी यंत्राचे समर्थन जसेच्या तसे प्राणियंत्रासाठी पुढे करणे तर्काला धरून नाही. लहान प्राण्यांत पेट-सीटीचे समर्थन वेगळ्याच कारणांनी करावे लागेल. अवयव ओळखणे, अर्बुदाचे आकारमान मोजणे, हाडांतील बदल पाहणे आणि हाताळणीचा वेळ वाचवणे ही ती कारणे होत. ती पुरेशी सबळ आहेत. उसन्या कारणांची त्यांना गरज नाही.

पेट-एमआरआय : एककालिकता केव्हा हवी

'एकाच वेळी' या शब्दांत मोठे आकर्षण आहे. परंतु अर्बुदाचा आकार एका तासात बदलत नाही. त्यासाठी सकाळी एमआरआय आणि दुपारी पेट केली तरी निष्कर्षात फरक पडत नाही. एककालिकता अनिवार्य ठरते ती मोजायच्या दोन्ही गोष्टी क्षणोक्षणी बदलत असतील आणि त्यांचा परस्परसंबंध हाच संशोधनाचा प्रश्न असेल तेव्हा.

याचे चांगले उदाहरण ट्यूबिंगेनच्या गटाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळते. रॅटच्या मिशांना उद्दीपन देऊन मेंदूतील ग्लुकोजचा वापर पेटने आणि रक्तातील ऑक्सिजनशी निगडित संकेत एमआरआयने त्याच वेळी मोजण्यात आले. दोन्ही संकेतांनी दाखवलेले सक्रिय भाग तंतोतंत जुळले नाहीत. हे दोन प्रयोग वेगवेगळ्या दिवशी केले असते, तर ही विसंगती प्राण्याच्या बदललेल्या अवस्थेमुळे आली असे सहज म्हणता आले असते. एककालिक मापनामुळे ती पळवाट बंद झाली. दोन प्रतिमा एकमेकींशी जुळल्या यापेक्षा त्या जुळल्या नाहीत, यातून येथे अधिक ज्ञान मिळाले.

पेट-एमआरआयला स्वतःच्या उणिवाही आहेत. एमआरआयचा संकेत ऊतीतील किरणशोषणाचे मापन देत नाही आणि नेहमीच्या प्रतिमांत हाड जवळजवळ दिसतच नाही. तीव्र चुंबकीय क्षेत्र पॉझिट्रॉनचा मार्ग क्षेत्राला लंब असलेल्या दिशेत आखडते, परंतु क्षेत्राच्या दिशेत ते तसे करीत नाही. परिणामी अस्पष्टता सर्व दिशांना सारखी राहत नाही. या मर्यादा दोष नव्हेत. मात्र निष्कर्ष लिहिताना त्यांचा उल्लेख होणे आवश्यक आहे.

इतर जोडण्या

स्पेक्ट तंत्रात टेक्नेशियम-९९एम यांसारखी द्रव्ये वापरतात. त्याचे अर्धायुष्य सुमारे ६ तास असल्याने हाताळणी सोपी होते. सूचिछिद्रांतून गॅमा किरण घेऊन प्रतिमा मोठी करता येते. नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे फ्रेक बीकमन यांच्या गटाने अनेक सूचिछिद्रे वापरून अर्ध्या मिलिमीटरहून सूक्ष्म विभेदनक्षमता मिळवली. मानवात पेट ही स्पेक्टपेक्षा रेखीव मानली जाते. उंदरात मात्र स्पेक्ट तिच्या पुढे जाऊ शकते. मानवी अनुभवावरून प्राण्याविषयी अनुमान काढणे किती फसवे असते, याचे हे आणखी एक उदाहरण होय.

काजव्यातील ल्युसिफेरेज विकर पेशींमध्ये घालून त्यांचा प्रकाश टिपणारे तंत्र स्वस्त व किरणोत्सारविरहित आहे. परंतु ऊतींमध्ये प्रकाश विखुरतो आणि शोषला जातो. त्वचेजवळचे लहान अर्बुद यकृतामागील मोठ्या अर्बुदापेक्षा तेजस्वी दिसू शकते. एमआरआय वा सीटीवरून खोली कळली, तर ही त्रुटी काही प्रमाणात सुधारता येते. शिवाय मानवी शरीराची जाडी पाहता हे तंत्र त्याच स्वरूपात रुग्णालयात जाणार नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

यंत्रापूर्वीचा प्राणी

यंत्राच्या क्षमतेची चर्चा विपुल होते. यंत्रात ठेवलेल्या प्राण्याची चर्चा मात्र 'पद्धती' या सदरातील दोन ओळींत संपते. उंदीर हा लहान आकाराचा मानव नव्हे. त्याचे हृदय मिनिटाला ५०० ते ६०० वेळा धडकते. त्याच्या शरीरात सुमारे २ मिलिलिटर रक्त असते. त्यामुळे मानवाप्रमाणे वारंवार रक्ताचे नमुने घेऊन द्रव्याचा प्रवास मोजता येत नाही. त्याला सुखावह असे परिसराचे तापमान ३० अंश सेल्सियसच्या आसपास असते, तर प्रयोगशाळेतील खोली माणसाच्या सोयीने २० ते २४ अंशांवर ठेवलेली असते. थंडीत उंदीर शरीर उबदार ठेवण्यासाठी तपकिरी मेद जाळतो. तो मेद एफडीजी मोठ्या प्रमाणात ओढून घेतो आणि मानेजवळ व खांद्यांमध्ये तेजस्वी डाग दिसतात. अनुभव नसलेला वाचक त्यांना अर्बुदाचा प्रसार समजू शकतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठातील गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हीच बाब पद्धतशीरपणे मांडली आहे. उंदरांना उपाशी ठेवले, उबेत ठेवले आणि द्रव्य शोषले जात असताना आयसोफ्लुरेनची भूल दिली, तेव्हा तपकिरी मेद व स्नायूंमधील संचय घटला आणि अर्बुद अधिक स्पष्ट दिसले. यंत्र तेच होते, द्रव्य तेच होते. केवळ हाताळणी बदलताच प्रतिमा बदलली. केटामीन व झायलाझीन यांची भूल रक्तातील साखर वाढवते, हे ज्ञात आहे. एफडीजी हे ग्लुकोजचेच रूप असल्याने त्याच्या मापनावर याचा थेट परिणाम होतो. भुलेमुळे मेंदूचा चयापचयही मंदावतो.

याहूनही साधी एक चूक आहे. द्रव्य शेपटीतील शिरेतून दिले जाते. सुई किंचित सरकली, तर द्रव्याचा काही भाग शिरेबाहेर ऊतीत राहतो. मग शरीरात प्रत्यक्ष किती द्रव्य पोहोचले याचा हिशेब चुकतो आणि त्यावर आधारलेली सर्व मूल्ये चुकतात. पुष्कळदा शेपूट प्रतिमेच्या क्षेत्राबाहेर असल्याने ही गळती कोणाच्या लक्षातही येत नाही. कोट्यवधी रुपयांच्या यंत्राची अचूकता अशा वेळी सुई धरणाऱ्या हातावर अवलंबून असते. हा हात बहुधा एखाद्या तंत्रज्ञाचा किंवा संशोधक विद्यार्थ्याचा असतो आणि त्याच्या प्रशिक्षणावरील खर्च यंत्राच्या खर्चापुढे नगण्य असतो.

यंत्रांची तुलना करण्यासाठी 'नेमा एनयू ४-२००८' हे मानक उपलब्ध आहे. त्यातील प्रतिरूपात १ ते ५ मिलिमीटर व्यासाच्या नळ्या असतात आणि प्रत्येक नळीतील खरे मूल्य यंत्राला कितपत परत मिळते, हे पाहिले जाते. हे मानक उपयुक्त आहे. परंतु प्रतिरूपाला थंडी वाजत नाही, भूल लागत नाही आणि त्याच्या शेपटीत सुई टोचावी लागत नाही. यंत्राचे प्रमाणीकरण झाले म्हणजे प्रयोगाचे प्रमाणीकरण झाले, असे मानता येणार नाही.

किरणमात्रा व नैतिक दावा

विल्यम रसेल व रेक्स बर्च यांनी १९५९ मध्ये प्राणिप्रयोगांसाठी पर्याय, घट व सुधारणा ही तीन तत्त्वे मांडली. संयुक्त प्रतिमांकनाचे समर्थक यांतील 'घट' या तत्त्वाचा आधार घेतात. पूर्वी अर्बुदाची वाढ पाहण्यासाठी दर आठवड्याला काही उंदीर मारावे लागत. आता तोच उंदीर पुन्हा पुन्हा पाहता येतो आणि तो स्वतःच स्वतःचा तुलनागट बनतो. हा युक्तिवाद मूलतः योग्य आहे आणि त्याचे श्रेय या तंत्रांना दिलेच पाहिजे.

तथापि त्याला तीन मर्यादा आहेत. पहिली, संख्या घटली तरी प्रत्येक प्राण्यावरील भार वाढतो. वारंवार भूल, वारंवार उपवास आणि वारंवार सुई यांना सामोरा जाणारा उंदीर एकदाच मारल्या जाणाऱ्या उंदरापेक्षा अधिक काळ ताण सोसतो. 'घट' साधताना 'सुधारणा' या तत्त्वाचा बळी जाणार नाही, हे पाहावे लागते.

दुसरी मर्यादा किरणमात्रेची आहे. सीटीमध्ये प्रतिमेतील घटकाची लांबी निम्मी करून गोंगाट पूर्वीइतकाच ठेवायचा असेल, तर मात्रा सुमारे १६ पट वाढवावी लागते. लहान प्राण्यांच्या सूक्ष्म सीटीत एका वेळची मात्रा काही दशांश ग्रेपर्यंत जाऊ शकते. निम्मे उंदीर ३० दिवसांत दगावतील अशी मात्रा वंशानुसार सुमारे ५ ते ८ ग्रे असते. आठवड्याला एक याप्रमाणे सहा वेळा केलेली सीटी प्राण्याला मारणार नाही. पण लसीकापेशी किरणांना फार संवेदनशील असतात आणि अर्बुदाच्या पेशींवरही परिणाम संभवतो. कर्करोगावरील औषधाचा परिणाम मोजताना मापनानेच अल्पसा उपचार केला, तर श्रेय कोणाला द्यायचे? औषध न देता तेवढ्याच वेळा प्रतिमा घेतलेला तुलनागट तर हवाच. त्याचबरोबर प्रतिमा न घेतलेलाही एक गट असला पाहिजे.

तिसरी मर्यादा संख्याशास्त्रीय आहे. एका उंदराच्या पाच प्रतिमा म्हणजे पाच उंदीर नव्हेत. ती परस्परावलंबी निरीक्षणे असतात आणि त्यांना स्वतंत्र धरल्यास निष्कर्षाला खोटी बळकटी येते. प्राणिप्रयोगांच्या अहवालासाठी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेली व २०२० मध्ये सुधारलेली 'अराइव्ह' मार्गदर्शक तत्त्वे नमुन्याची संख्या, यादृच्छिक विभागणी आणि निरीक्षकापासून गटाची माहिती झाकणे यांचा स्पष्ट उल्लेख मागतात. प्रतिमेवर अर्बुदाची सीमा हाताने आखणाऱ्या व्यक्तीला हा उंदीर औषधाचा की तुलनेचा हे ठाऊक असेल, तर यंत्राची वस्तुनिष्ठता तेथेच संपते.

भारतीय संदर्भ

मुंबईतील किरणोत्सारी औषध केंद्रात २००२ मध्ये देशातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन व पेट सुविधा सुरू झाली. नवी मुंबईत खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या 'ॲक्ट्रेक' या कर्करोग संशोधन संस्थेत लहान प्राण्यांच्या प्रतिमांकनाची सोय आहे. अशा सुविधा मोजक्याच शहरांत असणे केवळ पैशांमुळे नाही. फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटांचे असते. सायक्लोट्रॉनपासून तीन तासांच्या अंतरावरील प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत त्याची सुमारे एक तृतीयांश क्रियाशीलता उरते. शिवाय किरणोत्सारी द्रव्यांसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. प्राण्यांसाठी प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० व त्याखालील १९९८ चे नियम लागू होतात आणि प्रत्येक संस्थेच्या प्राणी नीती समितीची मान्यता आवश्यक असते.

या परिस्थितीत प्रत्येक विद्यापीठाने संयुक्त यंत्राचा हव्यास धरण्यापेक्षा सामायिक केंद्रांचा वापर वाढवणे हितावह ठरेल. ज्या संस्थेत प्राणिगृहाचे तापमान नोंदवले जात नाही, तेथे नवे यंत्र आले तरी विश्वासार्ह मापन येणार नाही. नीती समित्यांनीही 'प्रतिमांकनामुळे प्राणी कमी लागतील' एवढ्या एका वाक्यावर समाधान मानू नये. एका प्राण्याला किती वेळा भूल दिली जाईल, एकूण किरणमात्रा किती होईल आणि दुसरे तंत्र नेमक्या कोणत्या प्रश्नासाठी जोडले आहे, ही माहिती प्रस्तावातच मागितली पाहिजे.

निष्कर्ष

१. संयुक्त प्रतिमांकन तंत्रांनी जिवंत लहान प्राण्याच्या अभ्यासात मोलाची भर घातली आहे. विशेषतः आकार आणि क्रिया यांना वेगळे करण्यात त्यांचे साहाय्य मोठे आहे.

२. क्षीणन व जुळवणी हे मानवी पेट-सीटीचे प्रमुख आधार उंदरात बरेच दुबळे होतात. प्राणियंत्राचे समर्थन प्राण्याच्या गरजेवरून व्हावे.

३. एककालिक मापन हे काही विशिष्ट प्रश्नांसाठीच अनिवार्य आहे. इतर वेळी सामायिक साच्यासह स्वतंत्र यंत्रेही पुरेशी ठरतात.

४. तापमान, उपवास, भूल आणि सुई टोचण्याचे कौशल्य यांचा परिणाम यंत्राच्या विभेदनक्षमतेइतकाच, किंबहुना अधिक निर्णायक असू शकतो. त्यांची संपूर्ण नोंद लेखात असणे बंधनकारक मानावे.

५. प्राण्यांची संख्या घटणे हे स्वागतार्ह असले तरी प्रत्येक प्राण्यावरील वाढता भार व किरणमात्रा यांचा हिशेब त्यासोबत मांडला गेला पाहिजे.

रंगीत संमीलित प्रतिमा हा पुरावा ठरतो तो तिच्यामागील प्राण्याची अवस्था वाचकाला कळते तेव्हाच. जो उंदीर या प्रयोगात आपला जीव देतो, त्याच्याविषयीची माहिती चित्राखालील दोन ओळींत न संपवणे, ही संशोधकाची वैज्ञानिक जबाबदारी आहे आणि नैतिकही.